विषय: घोडीच्या दुरवस्थेबाबत

परबबाई घाबरट होत्या. हे मी त्यांच्या मागे बोलतोय असं समजू नका. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावून "अगदी बरोबर" म्हटलं असतं. आमच्या चारकोपच्या सोसायटीत तळमजल्यावर, तीन नंबरमध्ये त्या एकट्या राहायच्या आणि त्यांना कशाची भीती वाटत नाही हेच शोधावं लागायचं. कुकरची तिसरी शिट्टी, कुत्री, गायी, फुगे, सिलिंडर आपटल्याचा आवाज, फोनवर दिसणारा अनोळखी नंबर, मोठ्याने बोलणारे पुरुष. बेल वाजली की आतून "कोण?", मग साखळीच्या फटीतून एक डोळा, मग पुन्हा "कोण?" पहिल्या वेळचं उत्तर घाबरल्यामुळे त्यांना ऐकूच आलेलं नसायचं.

पण इतर घाबरट माणसांत, म्हणजे माझ्यात, आणि त्यांच्यात एक फरक होता. त्या भीती बोलून दाखवायच्या. "आज उकडतंय" म्हणावं तसं त्या "मला भीती वाटते" म्हणायच्या, आणि म्हणून झालं की ज्याची भीती वाटते त्याच कामाला लागायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सांगितली ना तावडे, की ती एका जागी बसते. नाही सांगितली तर घरभर फिरते."

नोकरी त्यांनी एका सरकारी कचेरीत केली, चौतीस वर्षं, आवक-जावक विभागात. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची, गेलेल्या कागदाची पोच घ्यायची. तिथला एक किस्सा त्या चहाबरोबर सांगायच्या. कोणी एक बडी असामी चार माणसं घेऊन टेबलाशी आली. अर्जाची मुदत आदल्या दिवशी संपली होती आणि साहेबांना कालच्या तारखेचा शिक्का हवा होता. त्यांनी टेबलावर असा हात आपटला की शाईचं पॅड खाली पडलं.

"मी उभी राह्यले," परबबाई सांगायच्या, "आणि म्हटलं, साहेब, मला तुमची फार भीती वाटते, हे बघा हात कसे थरथरतायत. पण तारीख आजचीच पडेल."

"मग?"

"मग काय? पडली. जरा वाकडी पडली. हात थरथरत होता ना."

निवृत्त झाल्या तरी कचेरी काही सुटली नव्हती. दुधाच्या पिशवीत चिठ्ठी असायची: 'विषय: दूध पातळ असणेबाबत.' चतुर्थीला त्या मोदक पाठवायच्या आणि सोबत एक छोटी वही. त्यात 'मोदक, नग पाच, सुस्थितीत मिळाले' असं लिहून खाली सही करायची. एका वर्षी मी सही न करता मोदक खाल्ले, तर संध्याकाळी वही घेऊन स्वतः पायऱ्या चढून आल्या. माझी बायको सीमा हसून लोटपोट झाली. बाईंनाही हसू आलं, पण सही घेतल्याशिवाय त्या खाली गेल्या नाहीत.

प्रत्येक पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' असायचंच. दुसऱ्या मजल्यावरच्या ओल्या कपड्यांचं पाणी त्यांच्या पापडांवर गळलं तेव्हा त्यांनी सेक्रेटरीला पत्र लिहिलं आणि त्याची एक प्रत सरळ दुसऱ्या मजल्याला नेऊन दिली. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटली होती.

आमच्या इमारतीच्या मागे कंपाउंडची भिंत, तिच्या पलीकडे मोकळा प्लॉट आणि त्यापलीकडे तिवरं आणि खाडी. त्या प्लॉटवर मधुशेठची पत्र्याची शेड होती. वरातीला घोडी, बँड, मांडव, लायटिंग असा त्याचा धंदा. नाक्यावर त्याच्या वाढदिवसाचे बॅनर लागायचे. एकदा प्लॉटच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका वडापाववाल्याने त्याच्या टेम्पोला जरा बाजूला घ्या म्हटलं, तर भरदुपारी त्याची गाडी उलटी झाली. उकळतं तेल रस्ताभर पसरलं. मागच्या बाजूला आमच्या वीस खिडक्या आहेत. वीसही खिडक्यांतून सगळ्यांनी पाहिलं आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा आम्ही सगळे झोपलेलो होतो. मीसुद्धा.

घोडी पांढरी होती. लग्नसराईत तिला धुऊन, सजवून न्यायचे. त्या वर्षी हिवाळ्यात तिचा पुढचा पाय दुखावला आणि तिचं जाणं थांबलं. मग ती शेडमध्ये बांधलेलीच दिसू लागली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिकडे उघडते. फेब्रुवारीत तिच्या बरगड्या दिसायला लागल्या, मार्चमध्ये पाठीवर काहीतरी लाल दिसू लागलं, आणि एप्रिलमध्ये मी खिडकीला जाड पडदा लावला. ऊन फार येतं, असं सीमाला सांगितलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पडद्याने दिसायचं थांबलं, ऐकू यायचं थांबलं नाही. दुपारी अडीचच्या सुमाराला सगळी इमारत पंखे लावून पडलेली असताना मागून लोखंडी बादलीचा आवाज यायचा. घोडी रिकामी बादली नाकाने ढकलायची. खण्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा खण्. मी घरून काम करायचो. कानात हेडफोन घालायचो.

मे महिन्यात एका दुपारी परबबाई वर आल्या. पदर घट्ट धरलेला, चेहरा उतरलेला.

"तावडे, मला भीती वाटते."

"कशाची?"

"बादलीची. आज ती वाजली नाही."

मी पडदा बाजूला केला. घोडी मान खाली घालून उभी होती, आणि बादली तिच्या दोरीच्या आवाक्याबाहेर कलंडून पडली होती. आम्ही बराच वेळ तिथे उभे होतो. घोडी हलत नव्हती. मग बाईंनी पिशवीतून फोन काढला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा नंबर त्यांनी कुठूनसा मिळवून वहीत लिहून आणला होता. अनोळखी नंबरची भीती वाटणाऱ्या त्या बाई अनोळखी नंबर फिरवताना दोनदा चुकल्या.

पलीकडची मुलगी शांत होती. तिने जागा विचारली, कधीपासून विचारलं. जखमेचे, पायाचे आणि शेडचे जवळून काढलेले फोटो पाठवा म्हणाली. "आणि काकू, घाबरू नका. तुमचं नाव आम्ही गुप्त ठेवू."

"गुप्त कशाला? सुलोचना परब, खोली नंबर तीन," बाई म्हणाल्या. "घाबरते तर मी आहेच."

त्यांच्या फोनला धड कॅमेरा नव्हता, आणि असता तरी त्यांना फोटो काढता येत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून, पडद्याआडून काढून पाहिले. सगळे धूसर आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मधुशेठची माणसं जेवून आडवी होतात त्या वेळेला आम्ही दोघं भिंतीच्या तुटक्या भागातून पलीकडे गेलो. बाईंच्या हातात अर्धी भरलेली प्लास्टिकची बादली होती. पूर्ण भरलेली त्यांना झेपत नव्हती आणि मला ती घ्यायचं सुचलं नाही.

ते पन्नास पावलांचं अंतर मला अजून पाठ आहे. बाई दर पावलाला पुटपुटत होत्या, "मला भीती वाटते, मला भीती वाटते," आणि चालत होत्या. मी तोंड मिटून त्यांच्या मागून चालत होतो. जवळ गेल्यावर वास आला. खोगीर बसतं तिथे तळहाताएवढी जखम होती, त्यावर माश्या. पुढचा डावा पाय तिने उचलून धरला होता, कारण खूर सुजून फाटला होता. खाली ओल, लीद आणि लग्नातल्या जुन्या चमकीचे तुकडे. मांजरापेक्षा मोठ्या प्राण्याला आयुष्यात कधी शिवल्या नव्हत्या त्या बाई. त्यांनी बादली पुढे धरली. घोडीने मान आत घातली आणि पाणी ओढायला लागली. मी फोटो काढले. एक, दोन, तीन, चार.

"ए! कोण ए तिकडं?"

शेडला लागून असलेल्या मधुशेठच्या गोदामाच्या दाराशी एक माणूस उभा होता. मी पळालो. दुसरा शब्दच नाही त्याला. भिंतीशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं, तर बाई तिथेच होत्या. घोडीचं पाणी संपलं नव्हतं, म्हणून त्यांनी बादली सोडली नव्हती. बादली त्यांच्या हातात इतकी हलत होती की पाणी बाहेर सांडत होतं.

"पाणी पाजत्ये," त्या त्या माणसाला सांगत होत्या. "मला तुमची भीती वाटते हो. पण तिचं होऊ दे."

तो माणूस काय करावं ते न कळून नुसता उभा राहिला. घोडीचं होईपर्यंत उभा राहिला. मग बाई रिकामी बादली घेऊन सावकाश परत आल्या. मी पळालो हे त्यांनी त्या दिवशी काढलं नाही, पुढेही कधी काढलं नाही. "फोटो चांगले आलेत का?" एवढंच विचारलं.

फोटो चांगले आले होते. मी त्याच दुपारी ते त्या मुलीला पाठवले आणि मोबाइलमधून पुसून टाकले. मुलगी म्हणाली, पोलिसांना बरोबर घेऊन यावं लागेल, सात-आठ दिवस जातील. माझ्या मते प्रकरण तिथे संपलं होतं. बाईंच्या मते ते सुरूही झालं नव्हतं, कारण अजून कागद गेला नव्हता.

तीन-चार दिवसांनी त्या वर आल्या. बऱ्याच दिवसांनी चेहरा खुललेला होता. हातात पत्राची नक्कल आणि पोस्टाची पोच. पत्र नेहमीसारखंच सुवाच्य. 'विषय: घोडीच्या दुरवस्थेबाबत.' खाली जखमेचं, खुराचं, पाण्याचं वर्णन, एकही शब्द वाढवून नाही. मग 'प्रत माहितीसाठी': दोन संस्था, पोलीस ठाणे, सोसायटीचे सेक्रेटरी. आणि पाचवं नाव, श्री. मधुशेठ, संबंधित घोडीचे मालक.

पोच त्याचीच होती. खाली त्याची ऐसपैस सही.

"बाई," मी म्हटलं, "हे त्याला कशाला पाठवलंत?"

"म्हणजे काय? ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला प्रत नको? मग ती तक्रार कसली? चुगली झाली ती."

चौतीस वर्षांत त्यांनी एकही कागद संबंधिताला प्रत दिल्याशिवाय जाऊ दिला नव्हता. हा कागद वेगळा आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मग मला शेवटची ओळ दिसली. 'छायाचित्रे, नग चार, संस्थेस यापूर्वीच पाठविलेली. छायाचित्रकार: श्री. विनय तावडे, खोली क्र. ७.'

"फोटो तुमचे," बाई कौतुकाने म्हणाल्या. "नाव नको द्यायला?"

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं लिहीत नाही. वाट लावलीत माझी, मला बायको आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे, तुम्हाला काय, तुम्ही एकट्या. काही पद्धत असते, काही अक्कल असते. मला भीती वाटते हे एकच वाक्य त्यात नव्हतं. मोठ्याने बोलणाऱ्या पुरुषांची त्यांना भीती वाटायची हे मी वर लिहिलंच आहे. त्या दिवशी तो पुरुष मी होतो. त्या दारापर्यंत मागे सरकल्या होत्या.

"चुकलं का हो माझं?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधुशेठ आला. बरोबर दोन माणसं. मी जिन्यात होतो, दूध आणायला निघालेला. त्याला फाटकातून आत येताना पाहिलं आणि वरून सातव्या पायरीवर थांबलो. बाईंच्या दाराची साखळी वाजली, "कोण?" ऐकू आलं, पुन्हा "कोण?" ऐकू आलं आणि मग साखळी निघाली. मी खाली गेलो नाही आणि वरही गेलो नाही.

"मावशी, आपण शेजारी ना?" मधुशेठचा आवाज गोड होता. "मग डायरेक्ट बोलायचं ना मला. हे कागदबिगद कशाला?"

"तुम्हालाही पाठवला ना."

तो हसला. "मिळाला ना. त्यासाठीच आलो. आता असं करा, गैरसमज झाला, तक्रार मागं घेतो, असं लिहून द्या. विषय खलास."

"लिहिते," बाई म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. खुर्ची सरकली, कागद फडफडला. लिहिताना मोठ्याने वाचायची त्यांची सवय होती.

"विषय, तक्रार मागे घेणेबाबत. महोदय, आज दुपारी घोडीचे मालक दोन इसमांसह माझ्या घरी आले. मला त्यांची भीती वाटली. सबब मी तक्रार मागे घेत आहे. घोडीची अवस्था पूर्वीप्रमाणेच आहे. प्रत माहितीसाठी, पोलीस ठाणे..."

"ओ मावशी! हे काय लिवताय? गैरसमज लिवा, गैरसमज!"

"गैरसमज झालेला नाहीये." आवाज फाटत होता, पण शब्द स्पष्ट होते. "भीती वाटली ती खरी आहे. हे बघा हात. जे झालं नाही ते मला लिहिता येत नाही हो. कधी लिहिलंच नाही."

मग कागद टराटरा फाटल्याचा आवाज आला. मग मधुशेठ वेगळ्याच सुरात म्हणाला, "हा तावडे कोण? फोटोवाला?"

पायरीवर मी भिंतीला चिकटलो. मला आठवतं, मी देवाचं नाव घेतलं नाही. 'बाई, सांगू नका' असं मनात म्हणत होतो.

"ते नाव चुकून पडलं," परबबाई म्हणाल्या. "फोटो मी काढले. आज सकाळीच शुद्धिपत्रक पाठवलंय सगळ्यांना. तुम्हालाही येईल."

"तुम्हाला फोटो काढता येतात?"



"येतात," बाई म्हणाल्या.

त्या वाक्याच्या मागे किंवा पुढे त्यांनी 'मला भीती वाटते' म्हटलं नाही. मी तेवढं नीट ऐकलं. आणि मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मी पायरीवरच बसलो.

जाताना मधुशेठ दारात थांबला. "तळमजला ना मावशी? एकट्या राहता. खिडक्या लावून घेत जा. जमाना खराब आहे."

त्या दिवसापासून मे महिन्याच्या उन्हात तीन नंबरच्या सगळ्या खिडक्या बंद. दुपारी एक मोटरसायकल बाईंच्या खिडकीखाली येऊन नुसती घुर्र करत उभी राहायची आणि मग निघून जायची. एका सकाळी त्यांची मोगऱ्याची कुंडी फुटलेली मिळाली. कंपाउंडच्या भिंतीवर दोघं जण बसून असायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. सीमा डबा घेऊन खाली जायची. आता वहीत डबा मिळाल्याची सही बाई करायच्या. "त्यांचे हात बघवत नाहीत," ती म्हणाली. "तू एकदा जाऊन ये ना रे." मी जातो म्हणालो.

शेडमध्येही बदल झाला होता. घोडीच्या अंगावर वरातीची झूल चढवली होती. लाल मखमल, सोनेरी जर, आरसे. जखम दिसू नये म्हणून. चाळीस डिग्रीत, लिदीत, तीन पायांवर ती नवरदेवाची झूल घालून उभी होती, आणि आरशांवरून माश्या उठत होत्या. इतकं भीतिदायक दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही. तिला दुसरीकडे न्यायचा प्रयत्नही झाला. दोघांनी ओढली, पण तिला चालताच येईना, म्हणून ती तिथे राहिली.

संस्थेची माणसं नवव्या दिवशी आली, सकाळी अकराला. एक डॉक्टर, ती फोनवरची मुलगी, तीन मदतनीस, दोन पोलीस आणि मागे फळी लावलेली मोठी गाडी. झूल काढल्यावर मुलीने तोंडावर हात ठेवला. कागद झाले, मधुशेठने मुकाट सही केली. पोलिसांसमोर तो वेगळाच माणूस होता. पण घोडी काही गाडीत चढेना. फळीवर खूर ठेवायची, दुखलं की मागे यायची. चारा दाखवला, मागून आधार दिला. अर्धा तास गेला. मधुशेठ हाताची घडी घालून उभा होता. "घ्या ना घेऊन. चढली तर घ्या."

इमारतीच्या वीसही खिडक्या भरल्या होत्या. खाली कोणी उतरलं नव्हतं.

तेव्हा तीन नंबरची साखळी वाजली. परबबाई बाहेर आल्या, भिंतीच्या तुटक्या भागातून पलीकडे गेल्या, मधुशेठच्या अगदी शेजारून गेल्या. शेडमधली ती लोखंडी बादली उचलली, गाडीवाल्यांच्या कॅनमधून तिच्यात थोडं पाणी घेतलं आणि कडी हलवून वाजवली. खण्. घोडीचे कान वळले. बाई उलट्या पावलांनी फळी चढायला लागल्या. एरवी स्वच्छ कचेरीतलं मराठी बोलणाऱ्या बाई फार घाबरल्या की गावच्या बोलीवर जायच्या, आणि ते आम्हा सगळ्यांना वरपर्यंत ऐकू येत होतं.

"माका भ्या वाटता... ये गो... माका भ्या वाटता... ये."

खण्. एक पाऊल. खण्. एक पाऊल. घोडी लंगडत त्या बादलीमागे आत गेली. बाई गाडीच्या पार कोपऱ्यात अडकल्या, पुढे घोडी, मागे पत्रा. पाण्यात तोंड घातलेल्या त्या जनावराचा श्वास त्यांच्या पदरावर येत होता आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. डॉक्टरांनी हात देऊन त्यांना बाजूच्या दारातून उतरवलं. उतरल्यावर त्यांनी कमरेची छोटी वही काढली आणि त्या मुलीकडून सही घेतली. सीमाने नंतर ती नोंद पाहिली: 'घोडी, पांढरी, नग एक, दुरवस्थेत मिळाली.'

पुढे दोन महिन्यांनी संस्थेने माझ्या फोनवर एक फोटो पाठवला. मोकळं कुरण, खूर बांधलेला, बरगड्या थोड्या बुजलेल्या. मी तो घेऊन खाली गेलो. त्या सगळ्या प्रकारानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्या दारात उभा होतो. साखळीच्या फटीतून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"बादली भरलेली दिसत्ये," त्या म्हणाल्या. साखळी मात्र त्यांनी काढली नाही.

श्रावणात त्या गेल्या. कणकवलीला भाचीकडे, कायमच्या. मोटरसायकल यायची कधीच थांबली होती, भिंतीवर कोणी बसत नव्हतं. घोडी गेल्यावर मधुशेठने शेडमध्ये मांडवाचे बांबू भरले आणि तो बाईंना विसरूनही गेला असेल. पण बाईंना दुपारी झोप लागत नव्हती.

"सांगून बघितली हो," रिक्षात पिशव्या ठेवताना त्या मला म्हणाल्या. "सगळ्यांना सांगितली. पण या वेळची काही एका जागी बसत नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. जिन्यातली ती पायरी, तो आवाज, सगळं. बाईंनी पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि वर वही धरली. मी पाकीट उघडलं. शुद्धिपत्रकाची नक्कल होती. 'संदर्भ: माझे यापूर्वीचे पत्र. सदर पत्रात छायाचित्रकार म्हणून श्री. विनय तावडे यांचे नाव अनवधानाने नमूद झाले आहे. सदर छायाचित्रे मी स्वतः काढलेली आहेत.' खाली सही. ती सही वाकडी होती.

"बाई, हे खोटं आहे," मी म्हटलं. "तुम्ही खोटं लिहीत नाही."

"नाही लिहीत." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पण तुम्हाला भीती वाटली होती, तावडे. आणि तुम्हाला ती बोलता येत नव्हती."

मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्यासंबंधी आहे, म्हणून तुम्हाला प्रत. सही करा. मिळाले म्हणून."

मी सही केली. त्यांनी ती तपासली, वही कमरेला खोचली, रिक्षाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हळू न्या हो, मला भीती वाटते." रिक्षा नाक्यावर बॅनरखालून वळली तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते.

खिडकीचा पडदा मी काढून टाकलाय. ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. मधुशेठची शेड अजून आमच्या मागेच आहे, आणि हे त्याच्या वाचनात येणारच नाही असं नाही. तरीही सर्व संबंधितांच्या माहितीसाठी लिहितो: ते चारही फोटो मी काढले होते. विनय तावडे, खोली क्रमांक सात. मला भीती वाटते.